गरमागरमचा जुलूम

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की मी सहावीच्या वर्गाला 'आमच्या घरची दिवाळी' हा निबंध घालते. विषय शिळा आहे हे मला मान्य आहे. पण त्या आठवड्यात मुलांच्या डोक्यात दुसरा विषय शिरत नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याही शिरत नाही. वीस वर्षे मी हे निबंध तपासते आहे. किल्ला, फटाके, उटणे, नवे कपडे, मामाचे येणे, सारे ठरलेले. पण काही वर्षांपूर्वी मला त्यात व्याकरणाची एक गोष्ट दिसली, आणि एकदा दिसल्यावर ती डोळ्यांपुढून हलेना. या निबंधांत 'आई' हा शब्द सदैव तृतीया विभक्तीत असतो. आईने चकल्या केल्या. आईने श्रीखंड केले. आईने पुऱ्या तळल्या. आईने सर्वांना वाढले. बाबा मात्र प्रथमेत असतात. बाबा बसले, बाबा हसले, बाबा जेवले. आजोबा झोपले. मामा आला. 'आई जेवली' हे दोन शब्दांचे, तिसरीतल्या पोरालाही बिनचूक लिहिता येईल असे वाक्य वीस वर्षांत मला एकदाही तपासायला मिळालेले नाही.

कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, कर्त्याकडे ढुंकूनही पाहत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते. 'आईने पुऱ्या तळल्या' यातले 'तळल्या' हे पुऱ्यांकडे पाहून झाले आहे. आई तिथे असून नसल्यासारखी. मुलांनी हे जाणूनबुजून केलेले नाही. घरात जे दिसले ते त्यांनी लिहिले, आणि मी त्यांना दहापैकी सात गुण दिले.

एवढे वाचून काही वाचकांना वाटेल, आता ही बाई सणाच्या स्वयंपाकावर तुटून पडणार, आणि ते पान उलटतील. कृपा करून उलटू नका. मला सणाचे जेवण आवडते. करायलाही आवडते आणि खायला त्याहून अधिक आवडते. जायफळ किसल्याचा वास ज्या घरात वर्षातून चार वेळा सुटत नाही त्या घराची मला कीव येते. माझे भांडण गोडाशी नाही, तेला-तुपाशी नाही, कष्टाशीही नाही. माझे भांडण एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे 'गरमागरम'.

जेवणारा बसला असताना कुणीतरी चुलीपाशी उभे राहावे, तव्यावरचे तव्यावरून आणि कढईतले कढईतून थेट त्याच्या ताटात पडावे, म्हणजेच अन्न प्रेमाने वाढले, अशी आपली समजूत आहे. ही समजूत इतकी पक्की आहे की दिवाळी अंकातल्या 'सोप्या पाककृतीं'चाही शेवट तिनेच होतो. 'गरमागरम वाढावे.' या वाक्याला कर्ताच नाही. कुणी वाढावे? आणि वाढणारीने कधी बसावे? पाककृती सोपी आहे की अवघड, हे आपण तिच्या ओळी मोजून ठरवतो. आठ ओळींची ती सोपी, वीस ओळींची ती अवघड. पण आठ ओळींतली एक ओळ 'एकेक पुरी लाटून तळावी' अशी असते, आणि त्या एका ओळीत बाईची अख्खी दुपार गडप होते.

शाळेत काळ-काम-वेगाची गणिते घालतो तसे हे गणित मांडून पाहा. भाऊबिजेला घरात नऊ माणसे. दर माणशी सहा पुऱ्या. भाऊबिजेच्या मानाने हा आकडा कंजूषपणाचा आहे. म्हणजे चोपन्न पुऱ्या. घरातली कढई एका वेळी दोन घेते. सत्तावीस घाणे. लाटायला दुसरे माणूस असेल तर पंचवीस मिनिटे. नसेल तर जवळजवळ तास. जेवण चालते चाळीस मिनिटे. तेव्हा शेवटची पुरी फुगते त्या वेळी पहिला जेवणारा सुपारी कातरत असतो, आणि ती तळणारी बाई ती शेवटची पुरी कुणाला घालू, कुणाला घालू, म्हणून झारा हातात धरून दारात उभी असते. मग ती स्वतः बसते तेव्हा तिच्या वाट्याला ज्या पुऱ्या येतात त्या चिवट, गार आणि तेल प्यालेल्या. गार पुरी कशी लागते हे घरातल्या कोणत्याही बाईला विचारा. तिला दुसरी ठाऊकच नाही.

मी न्यायाने वागणारी आहे, तेव्हा सगळ्यांना एकाच पिंजऱ्यात उभे करणार नाही. पुरणपोळीची मी निर्दोष सुटका करते. हे ऐकून पुष्कळांच्या भुवया चढतील, कारण सगळ्यांत मोठी गुन्हेगार म्हणून तिच्याकडेच बोट दाखवले जाते. पण विचार करा. डाळ शिजवून कट काढला, गूळ घालून पुरण आटवले, यंत्रातून फिरवले, कणीक तेलपाण्यात तिंबून ठेवली, हे कष्ट आहेतच. पण ते कष्ट आदल्या दिवशी होतात. पोळीही आदल्या दिवशी होते. दुसऱ्या दिवशीची, दुधात बुडवलेली, वर साजूक तुपाचा थर दिलेली पुरणपोळी ताजीहून सरस लागते असे म्हणणारे दर्दी मला ठाऊक आहेत, आणि त्यांतली एक मी आहे. कटाची आमटी तर मुरल्याशिवाय आमटीच नव्हे. म्हणजे पुरणपोळी बाईला बसू देते. श्रीखंडाचेही तसेच. रात्री दही फडक्यात टांगले, सकाळी चक्का घोटून साखर-वेलदोडा-केशर घातले, की श्रीखंडाचे काही म्हणणे उरत नाही. त्याच्या शेजारी पुरी आणून बसवणाऱ्या माणसाने घोटाळा केला आहे. आता पुरी, फुलका, भजी आणि तव्यावरून उतरणारी घडीची पोळी यांना मात्र मी सोडणार नाही.

हे सगळे मला पहिल्यापासून सुचले असे नाही. मीही पुऱ्या तळल्या आहेत, आणि अभिमानाने तळल्या आहेत. माझ्या पुऱ्या टम्म फुगत, आणि त्या तशा फुगतात हे चार माणसांनी म्हणावे म्हणून मी दारात उभी राहत असे. २०१४ सालच्या भाऊबिजेला माझा धाकटा भाऊ आला होता. चिंचवडला कारखान्यात होता. सुट्टी एका दिवसाची, संध्याकाळच्या एस्टीने परत जायचे. ओवाळणी झाली, पंगत बसली. जेवता जेवता तो मध्येच उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. म्हणाला, "अक्का, जरा बोलायचं होतं तुझ्याशी." मी म्हटले, "थांब रे, एवढ्या पुऱ्या तळून येते. ताटावरून उठू नये असं, बस जा." तो हसला आणि जाऊन बसला. पुऱ्या संपल्या तेव्हा तो हात धुऊन यजमानांबरोबर ओसरीवर बसला होता. मी जेवले, भांडी काढली, त्याच्या डब्यात चकल्या-लाडू भरले, आणि एस्टीची वेळ झाली. स्टँडवर जाताना म्हणाला, "पुऱ्या झकास होत्या हं."

पुढच्या श्रावणात तो हृदयविकाराने गेला. काय बोलायचे होते ते मला आजवर कळलेले नाही. कदाचित काहीच महत्त्वाचे नसेल. पैशाचे असेल, घराचे असेल, मुलाच्या शाळेचे असेल. वहिनीला विचारले, तिलाही ठाऊक नव्हते.

भाऊबीज हा दिवस बहिणीचा म्हणतात. भाऊ लांबून येतो तो बहिणीला भेटायला. आणि आम्ही बहिणी त्या दिवशी त्याला पाठ दाखवून कढईकडे तोंड करून उभ्या! ही रीत कुणी घातली?

'आपल्या संस्कृतीने' असे उत्तर ताबडतोब येते. संस्कृतीचे नाव घेणाऱ्यांनी निदान तिची ओळख करून घ्यावी. चंपाषष्ठीला खंडोबाला नैवेद्य कशाचा? वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा. ज्याच्या नावाने भंडारा उधळून अख्खी जेजुरी पिवळी होते, तो मल्हारी वांगे भाजून केलेल्या भरितावर तृप्त होतो; आपले भाऊजी मात्र दोन भाज्या, दोन कोशिंबिरी आणि गरम पुरीशिवाय तृप्त होत नाहीत. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशीचा थाट काय, तर हरभरा, वाटाणा, गाजर, वांगे, वालपापडी अशी हंगामात शेतात जे आले ते एकत्र शिजवलेली भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मुगाची खिचडी. ऋषिपंचमीची भाजी एका भांड्यातली. नागपंचमीला तर चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. दिंडे उकडायची आणि मोकळे व्हायचे. नागाच्या निमित्ताने का होईना, ज्या कुणी ही बंदी घातली त्याला किंवा तिला बाईच्या हाताची दया असावी अशी मला शंका आहे. तेव्हा एका भांड्यातला मुख्य पदार्थ आणि सण यांचे वैर नाही. हे वैर आपण अलीकडे लावून दिले.

आणि ते कोठून आले तेही मला दिसते. सोवळ्या-ओवळ्याच्या काळात आधी देवाला नैवेद्य, मग पुरुषांच्या पंगती, मग मुले, मग बायका, अशी ओळ असे. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता, तिचे गोडवे मी गाणार नाही. पण मोठ्या पंगतीला गरमागरम पुरी एकेक करून कुणी वाढत नसे, कारण ते शक्यच नव्हते. 'गरमागरम' हा शब्द खरा म्हणजे हॉटेलाच्या पाटीवरचा. गरमागरम भजी, गरमागरम जिलेबी. तिथे मालक गल्ल्यावर बसतो, आचारी पगार घेऊन उभा राहतो, गिऱ्हाईक खाऊन पैसे देऊन जाते. ही पाटी आपण उचलून घरात आणून लावली. पगाराचे तेवढे आणायचे विसरलो.

एक युक्तिवाद असा येतो की सण वर्षातून एकदाच असतो, एक दिवस उभे राहिले तर काय बिघडले? वर्षातून एकदा येणारे सण आपल्याकडे वर्षातून पंधरा वेळा येतात. शिवाय सण नसतो तेव्हा तरी बाई कुठे बसलेली असते? केंद्र सरकारने २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जातात आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७, असे त्यात निघाले. त्या ९७ मिनिटांत बाजारहाटही धरलेली आहे हे मी पुरुषांच्या बाजूने सांगून ठेवते. ही रोजची सरासरी झाली. भाऊबिजेची वेगळी काढली तर आकडा छापायला सरकारलाही लाज वाटेल.

दुसरा युक्तिवाद नव्या पिढीचा. "आम्ही मदत करतो ना!" माझे यजमान या नव्या पिढीत स्वतःला धरतात. एका पाडव्याला त्यांनी जाहीर केले, आज पुऱ्या मी तळणार. अकरा तळल्या, चार फुगल्या, दोन पेटल्या असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण काळ्या झाल्या. ते घामाघूम होऊन झारा हातात घेऊन दारात उभे, आणि आम्ही सगळे पाटावर. मला क्षणभर फार बरे वाटले. मग लक्षात आले की त्यांच्या बहिणी आतल्या खोलीत गप्पा मारताहेत आणि ते एकटेच स्वयंपाकघरात आहेत. उभे राहणारे माणूस बदलले. उभे राहणे तसेच उरले. तेव्हा पुरुषांनी जरूर स्वयंपाक करावा, पण तेवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. पदार्थच बदलला पाहिजे.

तिसरे लोक म्हणतात, सगळे बाहेरून मागवा, डबे उघडा आणि जेवा. माझा याला विरोध आहे, आणि तो भाबडेपणाचा नाही. सणाच्या दिवशी घरात फोडणीचा वास यावा, मुलांनी भाजी निवडायला बसावे, आजीने मसाला चाखून नाक मुरडावे, हे मला हवे आहे. मागवलेल्या ताटात हे काही नसते, आणि दुसऱ्याच्या घरची कुणीतरी बाई किंवा कुणाचा तरी मुलगा त्या दिवशी आपल्यासाठी उभा असतो तो वेगळाच.

माझी कसोटी एकच आहे. जो पदार्थ आपली वाट पाहतो तो सोपा, आणि ज्याची वाट आपल्याला पाहावी लागते तो अवघड; मग त्याला साहित्य चार लागो की चाळीस. मोठ्या पंगतींचे पदार्थ पाहा. सगळे या कसोटीला उतरतात, नाही तर शेकडो माणसे एका वेळी जेवली नसती. खानदेशात भंडाऱ्याला वरण-बट्टी असते. कणकेत मक्याचे भरड पीठ, ओवा, हळद घालून केलेल्या बट्ट्या आधीच उकडून, कापून, तळून टोपलीत तयार. वर वरण आणि तुपाची धार, शेजारी वांग्याची घोटलेली भाजी. वाढणारे पाच मिनिटांत वाढून मोकळे. आमच्या दक्षिणेकडच्या चकोल्या, ज्यांना वऱ्हाडात वरणफळे म्हणतात, त्याही याच जातीच्या. आमटीला उकळी आली, तिच्यात कणकेच्या पोळीच्या शंकरपाळ्यासारख्या चकत्या सोडल्या, की एका पातेल्यात पोळी, भाजी, आमटी सगळे आले. रायगडाकडे थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मडके जाळात, आणि माणसे भोवती गोल बसलेली. ज्यांच्या घरी दिवाळीत मटण असते त्यांनाही मी वगळत नाही. रस्सा सकाळी करून मुरू द्या; भातावर घ्या. फक्त भाकऱ्या थापायला कुणाला बसवू नका.

माझ्या घरी मसालेभात असतो. नऊ माणसांना चार वाट्या तांदूळ, धुऊन अर्धा तास निथळत ठेवलेले. पाव किलो तोंडली उभी चिरून, चार लहान वांगी, थोडा फ्लॉवर. जाड बुडाच्या पातेल्यात तेलाची फोडणी. मोहरी, हिंग, हळद, कढीलिंब, तमालपत्र, मिरच्या आणि मूठभर काजू. भाज्या परतायच्या, मग तांदूळ चांगले परतायचे. इथे घाई केली की भाताचा गोळा होतो. चार-पाच चहाचे चमचे गोडा मसाला, मीठ, गुळाचा खडा, आणि आठ वाट्या उकळते पाणी. पाणी गार घालू नये, दाणा मोडतो. आच मंद करून झाकण, आणि झाल्यावर पंधरा मिनिटे ते उघडायचे नाही. या पंधरा मिनिटांत साडी बदलता येते, भाच्याची चौकशी करता येते, कुणाचे काही बोलायचे राहिले असेल तर ऐकता येते. वर ओले खोबरे, कोथिंबीर आणि तूप. मठ्ठा सकाळीच घुसळलेला, काकडीची कोशिंबीर चोचवून ठेवलेली, पापड सकाळी तळून डब्यात, आणि श्रीखंड. हो, नुसते; वाटीत, चमच्याने. 'पुरीशिवाय श्रीखंड?' असे विचारणाऱ्याला मी विचारते, आईस्क्रीम कशाशी खाता?

दोन पंगती नाहीत, वाढणारी नाही. पातेली मध्ये ठेवायची आणि सगळ्यांनी एकदम बसायचे. ज्याला हवे त्याने हात लांब करून घ्यावे.

पहिल्या वर्षी सासूबाईंनी मोठा विरोध केला. त्या ऐंशीच्या घरातल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून सणाच्या दिवशी शेवटी जेवलेल्या. "भात काय, लग्नात असतो. भाऊबिजेला भात? लोक काय म्हणतील?" मी म्हटले, लोक म्हणजे कोण, आपणच नऊ जण. "मी मागून बसते, तुम्ही बसा," असे त्या तीनदा म्हणाल्या. भाचा उठला आणि आजीला दंडाला धरून यजमानांच्या आणि आपल्या मध्ये पाटावर बसवले. त्या अवघडून बसल्या. पदर सारखा करत राहिल्या. ताट पुढे आले तरी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होत्या, काही उतू गेले की काय म्हणून. आत तर गॅस बंद होता.

मग त्यांनी घास घेतला, चावला, आणि पन्नास-साठ वर्षे या घरातली माणसे त्यांच्या स्वयंपाकाबद्दल ज्या आवाजात बोलत आली होती, अगदी त्या आवाजात म्हणाल्या, "तोंडली जरा कच्ची राहिलीत गं."